रिंगा कोरड्या बसवायच्या की तेलात बुडवून? (इंजिन बांधताना)

चौथा_गिअर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दोन महिने उघडून ठेवलेलं इंजिन आता बंद करायचंय. हवेवर थंड होणारं, एक सिलिंडर, चार स्ट्रोक, १५० सीसी. निळा धूर मारत होतं आणि ऑइल खात होतं. सिलिंडर रिबोअर (आतून थोडा मोठा कापणं) आणि होनिंग (भिंतीवर दगडाने बारीक तिरक्या रेघा पाडणं) करून आणलाय, पिस्टन आणि त्याच्या खाचांत बसणाऱ्या रिंगा नव्या, ०.५० मिमी ओव्हरसाइज. व्हॉल्व्ह सील, टायमिंग चेन, क्रँकची बेअरिंगं सगळं झालंय. उरलंय ते एवढंच की पिस्टन चढवायचा आणि वरून सिलिंडर सरकवायचा. नेमका इथे हात अडलाय.

बोअर करून देणारे मेस्त्री म्हणाले, "पिस्टन तेलाच्या डब्यात बुडव, निथळू दे, बसव. आयुष्यभर असंच केलंय." माझ्या एका मित्राने स्वतःचं इंजिन दोनदा बांधलंय. तो म्हणतो रिंगांना तेलाचा थेंबही लावू नकोस, कोरड्याच बसव, नाहीतर त्या कधी 'बसणारच' नाहीत, म्हणजे भिंतीशी घासून नीट जुळणारच नाहीत. आणि एका ओळखीच्याने काळ्या मोली पेस्टची ट्यूब हातात दिली, म्हणाला पिस्टनला सगळीकडून चोपड.

तिघंही अनुभवी आहेत. ऐकू कुणाचं?

काळेहात

मोलीवाल्याचं अजिबात ऐकू नका. उरलेल्या दोघांचं अर्धं अर्धं ऐका.

ती ट्यूब फेकू नका मात्र. कॅमचे लोब आणि रॉकरचे पॅड यांच्यासाठीच ती आहे. तिथे धातूवर धातू घासतो आणि वरपर्यंत तेल पोचायला वेळ लागतो. रिंगांचं गणित उलटं असतं. नवी रिंग आणि नुकता होन केलेला बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) यांनी सुरुवातीला एकमेकांना थोडं घासून घ्यायलाच हवं. तुम्ही मधे मोली भरलीत तर ते घासणंच थांबतं. मग वर्षभर धूर बघत बसा.

वंगणशास्त्री

काळेहात यांच्याशी सहमत, पण 'का' ते थोडं सविस्तर लिहितो, कारण तेलाचा हा वाद 'का' सोडून 'किती' वरच चालतो.

रिंग भिंतीला टेकते ती स्वतःच्या स्प्रिंगसारख्या ताणाने, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तो ताण असतो, पण किरकोळ, एखाद-दोन बार दाबाएवढा. खरा दाब वायूचा. स्फोट झाला की वायू वरच्या रिंगच्या डोक्यावरच्या फटीतून खाचेत शिरतो, रिंगच्या पाठीमागे जातो आणि तिला आतून बाहेर भिंतीवर ढकलतो. भर थ्रॉटलला सिलिंडरमधला कमाल दाब ५० बारच्याही पुढे जातो. म्हणजे रिंग बसते ती गाडीवर लोड आल्यावर. नुसत्या आयडलिंगवर तो दाब तयारच होत नाही.

आता होनिंगच्या तिरक्या रेघा. त्यांना दोन कामं. त्यांच्या खोलगट भागात तेल टिकून राहतं, आणि त्यांच्या टोकदार कडा कानसेसारख्या रिंगचा चेहरा घासून बोअरशी जुळवतात. त्या कडा थोड्याच वेळात बोथट होतात. तेवढ्या वेळात रिंग बसली तर बसली. त्या वेळात खोलगट भागात जास्तीचं तेल जळून चिकट वार्निशसारखा थर बसला, तर भिंत काचेसारखी गुळगुळीत होते. यालाच ग्लेझ होणं म्हणतात. त्यावर मग उपाय एकच, पुन्हा उघडा आणि पुन्हा होन करा.

पण म्हणून पूर्ण कोरडं? तेही नको. पहिली किक मारल्यापासून क्रँकने तेल उडवून भिंतीपर्यंत पोचवेपर्यंत काही क्षण जातात, आणि त्या क्षणांत पिस्टनचा स्कर्ट (रिंगांच्या खालचा भाग) कोरड्या भिंतीवर घासला तर ओरखडा उठतो. बांधताना लावायचं तेल हे एवढ्या काही क्षणांपुरतं असतं. त्यापुढे इंजिन स्वतःची सोय स्वतः करतं.

चौथा_गिअर

वंगणशास्त्री, फारच छान समजावलंत. म्हणजे "थोडं" तेल. पण थोडं म्हणजे किती? आमच्या मेस्त्रींच्या मते त्यांचा डबाही थोडाच.

मायक्रॉनताई

हिशोब करून टाकू या. तुमचा बोअर साधारण ५७ मिमी, स्ट्रोकही तेवढाच धरू. भिंतीचं क्षेत्रफळ π × ५.७ × ५.७, म्हणजे १०२ चौरस सेंमीच्या आसपास. त्यावर ५ मायक्रॉन जाडीचा तेलाचा थर हवा असेल (होनिंगच्या रेघांची खोलीही काही मायक्रॉनचीच असते), तर लागणारं तेल ०.०५ मिली.

ऑइलकॅनमधून पडणारा एक थेंब जवळपास एवढाच असतो.

अख्ख्या बोअरला एक-दोन थेंब. बाकी सगळं जळायलाच जाणार. डब्यात बुडवून काढलेल्या पिस्टनच्या खाचांत, रिंगांच्या मागे, ऑइल रिंगच्या (सगळ्यात खालची, तेल खरवडणारी रिंग) जाळीत किती थेंब अडकून राहत असतील याचा अंदाज तुम्हीच करा.

जुना_पाना

ताई, गणित मान्य. पण मीही डबावाल्यांपैकीच. पस्तीस वर्षं पिस्टन तेलात बुडवून बसवतोय आणि माझी इंजिनं धूर मारत परत आलेली नाहीत. पहिल्या पाच मिनिटांत सायलेन्सरमधून निळा लोट निघतो, शेजारी खिडक्या लावून घेतात, मग सगळं स्वच्छ. साधं मिनरल तेल वापरलं आणि इंजिन लगेच लोडवर घेतलं तर जास्तीचं तेल जळून जातं.

इंजिन बिघडवणारे वेगळे असतात. नवं इंजिन सुरू करून तासभर स्टँडवर घुर्र घुर्र करत ठेवतात ते. "हळूहळू सेट होऊ दे" म्हणे. त्यात तेलही जास्त, दाबही नाही आणि समोरून वाराही नाही. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला याहून वाईट वागणूक नाही.

वंगणशास्त्री

जुना_पाना, तुमच्या म्हणण्यात माझ्या म्हणण्याला विरोध काहीच नाही. तुम्ही डबा वापरूनही वाचता, कारण पुढची पायरी बरोबर करता. नवशिक्याची पुढची पायरी चुकण्याची शक्यता जास्त, म्हणून त्याने डबा टाळावा. एवढंच.

आणि डब्यातलं जास्तीचं तेल पिस्टनच्या डोक्यावर साचलं तर मामला धुरापुरता राहत नाही. द्रव दाबला जात नाही. डोक्यावर पुरेसं तेल असताना किक किंवा स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. म्हणून प्लग काढूनच आधी हाताने फिरवायचं.

मायक्रॉनताई

एक विचारायचं राहिलं आणि इतक्या प्रतिसादांत ते कुणीच विचारलं नाही. चौथा_गिअर, होनिंग करून आणल्यावर बोअर धुतलात का? कशाने?

चौथा_गिअर

हो ताई. पेट्रोलने दोनदा धुतला, मग कॉम्प्रेसरची हवा मारली. लख्ख दिसतोय.

मायक्रॉनताई

दिसणारच. आता एक करा. पांढऱ्या, धागे न सुटणाऱ्या कापडावर दोन थेंब इंजिन ऑइल घ्या, बोअरमधून जोर लावून फिरवा आणि कापड उजेडात बघा.

चौथा_गिअर

...राखाडी. अगदी पाटीवरच्या पेन्सिलीसारखं राखाडी.

मायक्रॉनताई

ती होनिंगच्या दगडाची पूड आणि बिडाचे कण. पेट्रोल आणि रॉकेल दोन्ही तेलकटपणा काढतात, पण ही पूड रेघांच्या तळाशी तशीच बसून राहते. पेट्रोल उडून जातं आणि पूड मागे. म्हणजे तुम्ही जे तेल लावणार होतात, त्यात ती कालवून बारीक ग्राइंडिंग पेस्ट तयार झाली असती, आणि तीच रिंगांच्या तोंडाला लागली असती.

गरम पाणी, भांड्यांचा द्रव साबण आणि नायलॉनचा ताठ ब्रश. रेघांच्या दिशेने घासा, फेस धुऊन काढा, पुन्हा घासा. साबणाचा फेस कण उचलून धरतो आणि पाणी त्यांना वाहून नेतं. धुतल्यावर लगेच कोरडं करा, कारण बीड मिनिटांत गंजतं, उघड्या डोळ्यांनी तांबूस होताना दिसतं. कोरडं केलं की तेलाचं कापड फिरवा आणि पुन्हा कापड बघा. पांढरं राहीपर्यंत हेच करत राहा.

काळेहात

ताई, माझं पहिलं इंजिन आठवलं. मी रॉकेलने धुतलं होतं. रिंगा अगदी शास्त्रशुद्ध बसवल्या, तेल मोजून लावलं, सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. हजारेक किलोमीटरमध्ये पुन्हा धूर. उघडून बघतो तर नव्या रिंगांची गॅप (दोन टोकांमधली फट) दुपटीच्या आसपास गेलेली आणि बोअरवर उभ्या करड्या रेघा. दोष पार्टला दिला, तेलाला दिला, होनिंगवाल्यालाही दिला. दोन वर्षांनी कुणीतरी साबणाचं सांगितलं तेव्हा कळलं की दोष माझाच होता.

दोनधक्का

मधेच घुसतो. दोन स्ट्रोकवाल्यांनी इथलं सगळं जसंच्या तसं उचलू नका. आपल्याकडे रिंगच्या खाचेत पिन असते, रिंगचं तोंड त्या पिनवरच यायला हवं, नाहीतर पोर्टमध्ये (भिंतीतल्या भोकात) अडकून तुटतं. तेल लावायचं ते टू-स्ट्रोकचंच, आणि गजन पिनच्या (पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणारी पिन) सुया बेअरिंगला सढळ हाताने. बाकी स्वच्छतेचा नियम तोच.

आणि निकासिल लेप असलेल्या सिलिंडरला साधा होनिंगचा दगड लावू नका. निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कण, असा तो लेप आहे. माले कंपनीने तो १९६७ च्या सुमारास व्हँकेल इंजिनासाठी काढला होता. त्याला हिऱ्याची हत्यारंच लागतात.

पंख्यामागे

मी छोट्या विमानांच्या पिस्टन इंजिनांवर काम करतो. आमच्याकडे या विषयात मतांना फारशी जागा नाही, कारण तिकडे रिंगा न बसणं म्हणजे हवेत तेल संपणं. नव्या किंवा ओव्हरहॉल केलेल्या लायकमिंग (छोट्या विमानांची इंजिनं बनवणारी कंपनी) इंजिनात साधारणपणे साधं मिनरल तेल घालतात, आणि तेलाचा खप स्थिर होईपर्यंत तेच चालवतात. सुरुवातीची उड्डाणं हळूबाई पद्धतीने नाहीत, तर ६५ ते ७५ टक्के शक्तीवर. जमिनीवर उगाच फिरवत ठेवणं वर्ज्य.

अजून एक पथ्य. क्रोम केलेल्या सिलिंडरमध्ये क्रोमच्या रिंगा कधीही नाहीत. दोन्ही पृष्ठभाग सारखेच कठीण, मग घासणार कोण आणि घासून घेणार कोण? सोयरीक जमायला एकाने मऊ असावं लागतं.

चौथा_गिअर

बापरे. एका थेंबापासून विमानापर्यंत आलो.

रविवारी बसून बोअर धुतला. पहिल्या कापडाचा रंग सांगवत नाही. चौथ्या वेळी फिकट, सहाव्या वेळी पांढरं. दोन वेळा तांबूस झाला म्हणून पळत पळत तेल फिरवलं. आता उद्या रिंगा. काळेहात, तुम्ही म्हणता "अर्धं अर्धं", तर हाताला काय काय आणि कुठे लावायचं ते एकदा क्रमाने सांगाल का?

काळेहात

सांगतो. पण तेलाआधी गॅप बघा. रिंग पिस्टनवर चढवायच्या आधी एकटीच बोअरमध्ये घाला, पिस्टन उलटा करून त्याच्या डोक्याने ढकला म्हणजे ती आडवी-तिडवी न राहता सरळ बसेल, आणि तोंडाच्या फटीत फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. ढोबळ हिशोब, बोअरच्या दर २५ मिमीला ०.१ मिमी. तुमच्या ५७ ला वरच्या रिंगसाठी ०.२३ च्या आसपास. मॅन्युअलचा आकडा हाती असेल तर माझा विसरा. गॅप कमी असेल तर गरम झाल्यावर तोंडं एकमेकांना भिडतात, आणि मग तुम्ही कुठलंही तेल लावा, बोअर फाटणारच.

आता तेल. गाडीत जे घालणार आहात तेच, मात्र घर्षण कमी करणारी ॲडिटिव्हं नसलेलं मिनरल असेल तर उत्तम. गजन पिन आणि कनेक्टिंग रॉडचा वरचा डोळा इथे हात आखडू नका, भरपूर लावा. तिथे घासून बसायचं काही नाही, नुसतं वाचवायचं आहे. पिस्टनच्या स्कर्टला बोटाने पातळसा हात. स्कर्टवर काळा लेप असेल तर तो कंपनीचा आहे, घाण समजून पॉलिश पेपर मारू नका. (हे करणारा माणूस मी पाहिलाय.)

रिंगांना बोटावर तेल घेऊन नुसता बाहेरून हात फिरवा. खाचेत ओतायचं नाही. बोअरला ताईंचं कापड. ते फिरवून झालं की भिंत ओली दिसता कामा नये, नुसती चमकायला हवी.

ऑइल रिंगची मधली जाळी कोरडी ठेवली तरी चालते. तिची दोन्ही टोकं एकमेकांना टेकलेली हवीत, एकावर एक चढलेली नकोत. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात आणि मग म्हणतात रिंगा बसल्या नाहीत. रिंगवर बारीक अक्षर कोरलेलं असतं, टी, आर, एन किंवा टॉप. ते अक्षर आकाशाकडे. रिंगांची तोंडं एकमेकांपासून १२० अंशांवर.

क्रँककेसच्या तोंडात कापड कोंबल्याशिवाय सर्क्लिपला (गजन पिन जागेवर धरणारी तारेची कडी) हात लावू नका. आत पडलेली सर्क्लिप काढायला लागलेला माझा एक अख्खा दिवस अजून मला कुणी परत दिलेला नाही. सर्क्लिप नवीनच. पिस्टनवरची खूण बघा, आयएन असेल तर ती बाजू इनलेटकडे, बाण असेल तर तो बहुतेक एक्झॉस्टकडे.

सिलिंडर वरून सरकवताना खालच्या कडेला उतार दिलेला असतो, त्यामुळे बोटांनी रिंगा दाबत दाबत आत जातो. अडला तर थांबा. ठोकून जाणारी गोष्ट नाही ती. अडलं म्हणजे रिंगचं तोंड बाहेर आलंय.

गॅरेजबाहेर

अनेक दिवस वाचनमात्र होतो, आज लिहितो. माझं इंजिन बांधून झालंय, पण गाडीचं बाकीचं काम रखडल्याने पाच-सहा महिने तरी सुरू होणार नाही. एक-दोन थेंबांचा हिशोब मलाही लागू?

वंगणशास्त्री

नाही, तुमची गोष्ट वेगळी. पातळ तेल महिन्याभरात भिंतीवरून ओघळून खाली जातं आणि बेअरिंगही कोरडी पडतात. ज्या बेअरिंगांना तेल दाबाने मिळतं, तिथे बांधतानाच चिकटून राहणारं असेंब्ली लुब्रिकंट वापरायला हवं होतं. बोअरसाठी प्लगच्या भोकातून थोडं तेल सोडून हाताने एक-दोन फेऱ्या फिरवा, मग प्लग लावून ठेवा. सुरू करायच्या दिवशी मात्र प्लग काढा, कापड समोर धरा आणि किक मारत राहा. आधी साचलेलं बाहेर फेकलं जाईल, आणि मग पंप भरून तेल वर हेडपर्यंत आलेलं दिसेल. तोवर ठिणगी नाही.

हेच चौथा_गिअर यांनाही लागू. पंप रिकामा असतो हे विसरू नका.

जुना_पाना

त्यासाठी पंप बसवतानाच त्यात तेल भरून घ्यायचं. आमच्या डब्याचा एवढा तरी उपयोग होऊ द्या.

चौथा_गिअर

मंडळी, झालं!

परवा रात्री बंद केलं. ऑइल रिंगच्या जाळीची टोकं पहिल्या वेळी खरंच एकावर एक चढली होती. काळेहात यांचं वाक्य डोक्यात होतं म्हणून भिंग घेऊन बघितलं. वरच्या रिंगची गॅप ०.२५ आली. सिलिंडर एकदा अडला, बाहेर काढला, पुन्हा घातला, तेव्हा लोण्यासारखा गेला. प्लग काढून पन्नासेक किका, हेडचं झाकण उघडं ठेवून. तेल वर आलं तेव्हा मी एकटाच टाळ्या वाजवत होतो.

दुसऱ्याच प्रयत्नात सुरू झाली. धूर अर्धा मिनिट, फिकट. हेल्मेट आधीच डोक्यावर होतं, त्यामुळे दोन मिनिटांत रस्त्यावर. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये अर्धा थ्रॉटल देऊन वेग चढवायचा, सोडून द्यायचा, पुन्हा चढवायचा, असं वीसेक किलोमीटर. सोडल्यावर मागे धूर आहे का ते आरशात बघत होतो. नव्हता. घरी येऊन थंड होऊ दिलं आणि ६० किलोमीटरवर तेल काढलं. त्यात उन्हात चमकणारी बारीक चांदी होती. ती बघून थोडा घाबरलो होतो.

कॉम्प्रेशन सुरू करायच्या आधी ९.५ किलो, आज २८० किलोमीटरनंतर ११.५.

वंगणशास्त्री

ती चांदी म्हणजेच रिंगा आणि बोअरची ओळख झाल्याची खूण. पुढच्या तेलात ती खूप कमी दिसेल. नाही दिसली कमी, तर इथेच लिहा.

आणि सोडल्यावर आरशात बघितलंत ते अगदी बरोबर. थ्रॉटल बंद असताना सिलिंडरमध्ये निर्वात तयार होतो आणि तेल वर ओढलं जातं. रिंगा बसल्या नसतील तर धूर तेव्हाही दिसू शकतो.

काळेहात

अभिनंदन! टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हची फट) ५०० किलोमीटरला पुन्हा बघा. हेडचे नटही, इंजिन थंड असताना.

चौथा_गिअर

नक्की. मेस्त्रींना कॉम्प्रेशनचा आकडा सांगितला. म्हणाले, "बघ, सांगितलं होतं ना, तेलात बुडवलं की असंच होतं." मी काही बोललो नाही.

जुना_पाना

शहाणे आहात.